नऊ-शून्य, बारा सेकंद बाकी

ज्यांना ऐकायला वेळ होत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचा लेखी उतारा देतोय. बोलताना मी जिथे जिथे अडखळलो ते काढून टाकलंय. मध्ये दोनदा कुकरची शिट्टी झाली ती रेकॉर्डिंगमध्येच राहू द्या.

आजचा विषय एका ताईमुळे निघाला. मी पाचवीत होतो तेव्हा आईने मला तायक्वांदोच्या क्लासला घातलं. नागपुरात रिंग रोडच्या अलीकडे एका शाळेचा हॉल होता, संध्याकाळी साडेपाच ते सात. बाहेर बोर्डावर लिहिलेलं: कराटे, तायक्वांदो, किक बॉक्सिंग, योगा. चारही गोष्टी एकच सर शिकवायचे. मे महिन्यात त्या हॉलमध्ये कूलर असूनही मॅटवर घामाचे ठसे उमटायचे. मी पांढऱ्या पट्ट्यावरून पिवळा, पिवळ्यावरून हिरवा असा गेलो आणि थांबलो. दहावी आली, मग अकरावी-बारावीचे क्लासेस, मग बीटेक, मग लॅपटॉपसमोरची नोकरी. आता पाय कमरेच्या वर जात नाही.

आमच्यात एक ताई होती. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिचा पाय समोरच्याच्या कानापाशी कधी पोचला ते कळायचंच नाही, फक्त आवाज यायचा. ती ब्लॅक बेल्ट झाली, राज्य स्पर्धेत पदक घेऊन आली. पुढे तिने सरकारी भरतीचा फॉर्म भरला. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, त्यात. प्रमाणपत्राची पडताळणी झाली तेव्हा उत्तर आलं की ज्या संघटनेने ही स्पर्धा घेतली, तिला त्या काळात मान्यता नव्हती. सामने खरे, पदक खरं, गुडघ्याचं ऑपरेशन तर एकदमच खरं. कागद मात्र चालेना.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. म्हणाली, "तू इतिहासाचं सांगत असतोस ना, मग एकदा हे सांग बे. आपला खेळ आशियाई स्पर्धेत आला कसा? आणि येऊनही आपल्याकडे हे असं काऊन?" मी म्हटलं, ताई, बघतो. दोन आठवडे वाचत बसलो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच अंशी पहिल्यातच सापडलं.

तायक्वांदो म्हटलं की दोन हजार वर्षांची परंपरा वगैरे सांगतात. आमच्या सरांनीही सांगितली होती. पण हे नाव १९५५ सालचं आहे. म्हणजे माझ्या आजोबांपेक्षा लहान. कोरिया १९१० ते १९४५ जपानच्या ताब्यात होता. त्या काळात जपानमध्ये शिकायला गेलेल्या अनेक कोरियन तरुणांनी तिथे कराटे आत्मसात केलं. स्वातंत्र्यानंतर सोलमध्ये वेगवेगळ्या गुरूंच्या शाळा निघाल्या, प्रत्येकीचं नाव वेगळं, पद्धत थोडी वेगळी. जनरल चोई हाँग ही नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने तायक्वांदो हे नाव पुढे आणलं. ते स्वतः जपानमध्ये कराटे शिकलेले. ते म्हणजे लाथ, क्वान म्हणजे मूठ, दो म्हणजे मार्ग. जपानी ठसा पुसून एक कोरियन खेळ उभा करायचा होता. त्यात जुन्या कोरियन लाथांच्या खेळाचा वारसा किती आणि कराटे किती, यावर अजून भांडणं होतात. मला विचाराल तर कराटेचा वाटा आपल्याला शाळेत सांगतात त्यापेक्षा बराच जास्त आहे.

आता ताईचा प्रश्न ऐका. १९६६ साली चोईंनी आंतरराष्ट्रीय महासंघ काढला. पुढे त्यांचं राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्याशी फाटलं आणि १९७२ मध्ये ते कॅनडाला निघून गेले. त्याच वर्षी सोलमध्ये कुक्किवॉन हे मुख्यालय उभं राहिलं. १९७३ मध्ये दुसरा महासंघ निघाला, जागतिक तायक्वांदो महासंघ, किम उन-याँग यांच्या नेतृत्वाखाली. हे गृहस्थ सरकारच्या अगदी आतल्या गोटातले. चोईंनी १९८० च्या सुमारास आपलं तायक्वांदो उत्तर कोरियात नेलं. झालं! एक खेळ, दोन जागतिक संघटना, दोन वेगळे नियम, आणि प्रत्येकीच्या मते दुसरीचं प्रमाणपत्र खोटं. म्हणजे ताईच्या कागदाचं जे झालं, ते या खेळाच्या मुळातच होतं. भारतात हा खेळ १९७० च्या दशकात जिमी जगतियानी यांनी आणला, आणि आपल्याकडेही पुढे एकाच खेळाच्या अनेक संघटना, अनेक अध्यक्ष, कोर्टकचेऱ्या असं सगळं यथासांग झालं.

किम मात्र चलाख निघाले. १९८० मध्ये त्यांच्या महासंघाला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीची मान्यता मिळाली. १९८१ मध्ये सोलला १९८८ चं ऑलिम्पिक मिळालं. त्याची रंगीत तालीम म्हणून १९८६ च्या आशियाई स्पर्धा सोलमध्येच होत्या. यजमानाला कार्यक्रमात आपलं थोडं चालवता येतं. त्या वर्षी तायक्वांदो आशियाई स्पर्धांत पहिल्यांदा आलं. फक्त पुरुषांसाठी, आठ वजनी गट. आठपैकी सात सुवर्णपदकं दक्षिण कोरियाला. लग्न आपल्या अंगणात आणि आहेरही आपल्यालाच, असा प्रकार.

चार वर्षांनी, १९९० मध्ये, बीजिंगला स्पर्धा झाल्या. तायक्वांदो कार्यक्रमातून गायब! त्याऐवजी चीनने वुशू आणलं. आणि त्याच बीजिंगमध्ये आणखी एक खेळ पदकासाठी पहिल्यांदा खेळला गेला. कबड्डी.

इथे मला जरा थांबायचंय, कारण हे आपल्या घरचं आहे. १९९० मध्ये भारताला अख्ख्या स्पर्धेत सुवर्णपदक किती मिळाली? एक. ते कबड्डीचं. आणि कबड्डी तिथपर्यंत पोचली त्यामागे मराठी माणसांची दोन-तीन पिढ्यांची धडपड आहे. शंकरराव साळवी, म्हणजे बुवा साळवी, यांनी आयुष्य या एका खेळात घातलं. १९८२ मध्ये दिल्लीच्या एशियाडमध्ये आपण यजमान होतो, तेव्हा कबड्डी प्रात्यक्षिक म्हणून दाखवली. म्हणजे कोरियाने चार वर्षांनी जे केलं त्याची अर्धी पायरी आपण आधी चढलो होतो. फरक असा की कोरियाने यजमानपदाच्या पहिल्याच फटक्यात पदकं लावून घेतली, आपण प्रात्यक्षिकावर समाधान मानलं.

आणि त्याआधीही एक पायरी आहे, ती तर नागपूरपासून दीडशे किलोमीटरवर. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. १९१४ मध्ये अंबादासपंत आणि अनंत वैद्य या भावांनी सुरू केलेलं. १९३६ मध्ये मंडळाचं पथक बर्लिनला गेलं आणि ऑलिम्पिकच्या निमित्ताने तिथे जमलेल्या लोकांसमोर हुतूतू, मल्लखांब, लेझीम असे आपले खेळ करून दाखवले. "कबड्डी १९३६ च्या ऑलिम्पिकमध्ये होती" असं व्हॉट्सॲपवर फिरतं, ते बरोबर नाही हं. त्या ऑलिम्पिकच्या अधिकृत प्रात्यक्षिक खेळांत बेसबॉल आणि ग्लायडिंग होतं. आपल्या लोकांचा कार्यक्रम त्या भोवतालचा, शारीरिक शिक्षणाच्या मेळाव्यातला. पण बोटीने इतक्या लांब जाऊन मल्लखांब करून दाखवणं, तेही देश पारतंत्र्यात असताना, याला फुगवून सांगायची गरजच काय? आहे तेच पुरेसं मोठं आहे.

असो. तायक्वांदो १९९४ मध्ये हिरोशिमाला परत आलं आणि मग गेलं नाही. जपानने आपलं कराटे त्याच वर्षी आणलं, हे ओघाने आलंच. त्याच सप्टेंबरमध्ये पॅरिसच्या बैठकीत २००० च्या सिडनी ऑलिम्पिकसाठी तायक्वांदो मंजूर झालं. १९९८ मध्ये बँकॉकला महिलांचे गट सुरू झाले. २००२ मध्ये बुसानला आपल्या सुरेंद्र भंडारींनी कांस्यपदक मिळवलं. आमच्या हॉलच्या भिंतीवर तेव्हा ब्रूस लीचं पोस्टर होतं, सुरेंद्र भंडारींचा फोटो नव्हता. आम्हाला नावही माहीत नव्हतं, हे आज जरा लाजिरवाणं वाटतं. (किम साहेबांचं पुढे काय झालं म्हणाल तर २००४ मध्ये पैशांच्या अफरातफरीत तुरुंगवास झाला.)

खेळाचा फायदा मात्र खराच झाला, आणि तो छोट्या देशांना झाला. व्हिएतनामचं पहिलं ऑलिम्पिक पदक, सिडनीत, तायक्वांदोचं. तैवानची पहिली दोन सुवर्णपदकं, अथेन्सला, तायक्वांदोची. अफगाणिस्तानचं पहिलं पदक, २००८ मध्ये रोहुल्ला निकपाई, तायक्वांदो. जॉर्डनचं पहिलं सुवर्ण, २०१६, तायक्वांदो. मैदान लागत नाही, घोडा लागत नाही, पोहायचा तलाव लागत नाही. एक हॉल आणि मॅट. म्हणूनच तर तो नागपूरच्या शाळेतही पोचला.

आता तो सामना, ज्यावरून या भागाला नाव दिलंय. १७ नोव्हेंबर २०१०, चीनमधलं ग्वांगझू, आशियाई स्पर्धा, महिलांचा ४९ किलोखालचा गट. तैवानची यांग शू-चून विरुद्ध व्हिएतनामची वू थी हाऊ.

आधी थोडी तांत्रिक पार्श्वभूमी सांगतो, हा माझ्या आवडीचा भाग आहे. जुन्या पद्धतीत चार कोपऱ्यांत पंच बसायचे, हातात बटणं. लाथ लागली असं वाटलं की दाबायचं. बहुतेकांनी साधारण एकाच क्षणी दाबलं तर गुण. यात माणूस चुकतो, कधी मुद्दाम चुकतो. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये क्यूबाच्या एका खेळाडूने चिडून पंचाच्याच तोंडावर लाथ मारली होती. म्हणून मग यंत्र आलं. छातीवरच्या संरक्षक कवचात सेन्सर, पायातल्या मोज्यात सेन्सर. मोजा कवचाला पुरेशा जोराने लागला की गुण आपोआप. पंचाची मर्जी नको. आमच्या धंद्यात याला ऑटोमेशन म्हणतात, आणि पहिल्या रिलीजला काय होतं ते आम्हाला चांगलंच माहीत असतं.

यांगच्या मोज्याला टाचेशी जास्तीचे सेन्सर होते. मोजा त्याच कंपनीचा, पण जुन्या मॉडेलचा. तैवानच्या बाजूचं म्हणणं असं की सामन्याआधीच तपासणीत हे दिसलं, काढायला सांगितलं, तिने काढले, आणि मग सामना सुरू झाला. सुरू झाल्यावर तिने व्हिएतनामच्या मुलीला उभं राहू दिलं नाही. नऊ-शून्य. पहिल्या फेरीचे बारा सेकंद उरलेले. तेवढ्यात सामना थांबला, तिच्या पायाकडे बघितलं गेलं, आणि तिला अपात्र ठरवलं.

ती मॅटवर बसली ती उठेचना. जवळजवळ तासभर रडत तिथेच बसून राहिली. तैवानच्या टीव्हीवर तो चेहरा दिवसभर फिरला. त्यात आशियाई तायक्वांदो संघटनेने आपल्या वेबसाइटवर "धक्कादायक फसवणूक" अशा अर्थाचा मथळा लावला, चौकशी व्हायच्या आधीच. मग काय. तैपेईत कोरियाचे झेंडे जाळले, कोरियन शाळेवर अंडी फेकली, दुकानांत कोरियन माल न घेण्याच्या पाट्या लागल्या. सामना व्हिएतनामशी, शहर चीनचं, राग कोरियावर, कारण खेळ कोरियाचा, संघटना कोरियन वर्चस्वाची, आणि निर्णयात सहभागी असलेला एक अधिकारी कोरियन वंशाचा. शिवाय दहा दिवसांत तैवानमध्ये महानगरांच्या निवडणुका होत्या, त्यामुळे सगळेच पक्ष यांगच्या बाजूने बोलायला लागले. ज्या देशाला या स्पर्धेत स्वतःच्या नावानेही उतरता येत नाही, "चिनी तैपेई" म्हणून उतरावं लागतं, तिथे एक मोजा किती मोठा होऊ शकतो ते दिसलं.

डिसेंबरमध्ये शिक्षा झाली. यांगला तीन महिने बंदी, तिच्या प्रशिक्षकाला वीस महिने, तैवानच्या संघटनेला ५० हजार डॉलर दंड. या आकड्यांकडे मी बराच वेळ बघत होतो. तिने खरंच यंत्राला फसवलं असतं, तर तीन महिने फारच कमी आहेत. आणि फसवलं नसेल, तर तीन तरी कशाला? माझं मत सांगतो. हे मला फसवणुकीपेक्षा व्हर्जनच्या घोळासारखं दिसतं. जुन्या मोज्यांबद्दल खेळाडूंना नीट कळवलं गेलं होतं का, तपासणाऱ्या माणसाकडे स्पष्ट यादी होती का, आणि असेल तर सामना सुरू होऊच कसा दिला, हे प्रश्न आयोजकांचे आहेत. चूक सिस्टीमची, आणि मॅटवर बसून रडणार ती चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी. दोन वर्षांनी लंडन ऑलिम्पिकला ती खेळली, पदकाविना परतली. त्या आशियाई स्पर्धेतलं सुवर्ण चीनच्या वू जिंगयूने घेतलं, आणि वू त्या काळातली जबरदस्त खेळाडू होती, तिचं पदक हिरावून घ्यायचा माझा हेतू नाही.

सेन्सरने आणखी एक गोष्ट केली, जी निकालापेक्षा मोठी आहे. यंत्र काय मोजतं ते खेळाडूंनी ओळखलं. जोरात, वळून, सुंदर लाथ मारण्यापेक्षा पुढचा पाय उचलून ठेवायचा आणि कवचाला टेकवत राहायचं, यात जास्त गुण. एका पायावर उड्या मारत दोघं एकमेकांचे पाय अडवतायत, असं दृश्य सुरू झालं. जुने लोक त्याला पायाची तलवारबाजी म्हणून नाक मुरडतात. आमच्याकडे मॅनेजरने बंद केलेल्या तिकिटांची संख्या मोजायला सुरुवात केली की लोक एका बगची चार तिकिटं करतात, अगदी तसंच. मग नियम बदलले. आता बुक्कीला १, छातीवरच्या लाथेला २, डोक्यावरच्या लाथेला ३, आणि वळून मारलं तर अनुक्रमे ४ आणि ५. म्हणजे जी गोष्ट पंचाच्या डोळ्याला आपोआप भावायची, ती आता यंत्राला गुणांच्या भाषेत समजावून सांगावी लागते.

यजमानाचा आपला खेळ हा प्रकार पुढेही चालूच राहिला. २०१८ मध्ये जकार्तात इंडोनेशियाने पेंचाक सिलात आणलं आणि १६ पैकी १४ सुवर्णं खिशात घातली. त्यांच्या एकूण ३१ सुवर्णांतली १४. त्याच स्पर्धेत तायक्वांदोत पूमसे म्हणजे काल्पनिक प्रतिस्पर्ध्याशी करायच्या ठरावीक हालचालींचा प्रकार पहिल्यांदा आला. यजमानांचं त्या स्पर्धेतलं पहिलं सुवर्णही त्यातलंच.

पण त्याच जकार्तात आपल्या कबड्डीचं काय झालं ते आठवतंय? साखळीत दक्षिण कोरियाने आपल्या पुरुषांना २४-२३ हरवलं. हो, तायक्वांदोवाल्या कोरियाने, कबड्डीत! उपांत्य फेरीत इराणने २७-१८. आणि महिलांच्या अंतिम सामन्यात इराणने आपल्याला २७-२४ हरवलं. त्या इराणी मुलींची प्रशिक्षक कोण? शैलजा जैन, आपल्या नाशिकच्या. मला तरी त्या दिवशी भारत हरल्याचं दुःख झालं आणि आतून कुठेतरी बरंही वाटलं. खेळ खरोखर आशियाई झाला याचा याहून मोठा पुरावा कोणता? कोरियन प्रशिक्षकांनी जगभर फिरून तायक्वांदोचं हेच केलं होतं.

नागपूरकर म्हणतील, अरे आपल्या गावाचं काय? सांगतो ना. २०२३, हांगझू. भारताची १०७ पदकं. त्यातली तीन सुवर्णं एका नागपूरच्या पोराची. ओजस देवतळे, कंपाउंड तिरंदाजी. ज्योती वेन्नमबरोबर मिश्र दुहेरीत कोरियाला १५९-१५८ असं हरवलं, मग पुरुष संघात परत कोरियालाच, आणि ७ ऑक्टोबरला वैयक्तिक अंतिम फेरीत आपल्याच अभिषेक वर्माला १४९-१४७. त्याच सकाळी महिला कबड्डीने तैवानला २६-२५ हरवून भारताचं शंभरावं पदक आणलं होतं. त्याच्या दोन महिने आधी ओजसने बर्लिनमध्ये जागतिक अजिंक्यपद जिंकलं, १५० पैकी १५० गुण घेऊन. अमरावतीचे लोक बर्लिनला गेले त्यानंतर ८७ वर्षांनी. योगायोगच, पण मला आवडला म्हणून सांगितला.

ओजसचा खेळही नवाच. कंपाउंड प्रकार आशियाई स्पर्धांत २०१४ साली, इंचॉनला आला. तो तेव्हा शाळेत होता. कोणीतरी कुठल्यातरी बैठकीत एक ओळ वाढवली आणि नागपुरातल्या मुलासाठी दार उघडलं. सरावासाठी मात्र त्याला साताऱ्याला जावं लागलं. आणि बाण कुठे लागला ते भोकावरून दिसतं. कोणत्या संघटनेचा बाण, असं कोणी विचारत नाही.

हे मी ताईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "माझी लाथही दिसायचीच ना?"

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मागच्या रविवारी तिच्या क्लासवर गेलो होतो. आता ती स्वतः शिकवते, पस्तीसेक मुलं आहेत, मुली जास्त. बोर्डावर फक्त तायक्वांदो लिहिलंय, आणि खाली कोणत्या संघटनेशी संलग्न ते, वर्षासकट. पालक प्रवेश घेताना पहिला प्रश्न तोच विचारतात म्हणे. स्पर्धेच्या सरावासाठी तिने सेन्सरवाल्या कवचांचा एक जोड कुणाकडून तरी उसना आणला होता. दोन मुली खेळत होत्या. लाल कवचवालीने वळून अशी सणसणीत लाथ मारली की हॉलमध्ये घुमली. स्क्रीनवर शून्य. सगळे कवचाकडे, मग लॅपटॉपकडे, मग माझ्याकडे बघायला लागले, इंजिनियर आहे म्हणून. मी रिसीव्हर काढून परत लावला, काही झालं नाही. बॅटरी उतरली असावी.

ताईने खडू घेतला आणि फळ्यावर लाल खाली ४ लिहिले.